अळूचे कंद हिवाळ्यात कुजतात, नाहीतर मे महिन्यात उगवतच नाहीत

एप्रिल संपत आला की मला ठरावीक फोन येतात. "ताई, तुमच्याकडून नेलेलं अळू यंदा वरच आलं नाही हो." नाहीतर, "खोका उघडला तर आत नुसता चिखल." मध्य न्यू जर्सीत मी गेली १९ वर्षं अळू लावतेय. त्यातल्या पहिल्या तीन हिवाळ्यांत सगळे कंद हातचे गेले. पहिल्या वर्षी गॅराजमध्ये गोठले, दुसऱ्या वर्षी फ्रिजमध्ये काळे पडले, तिसऱ्या वर्षी प्लॅस्टिकच्या डब्यात कुजले. चिपळूणला आईला फोनवर सांगितलं तर ती हसायलाच लागली. "अगं, अळू मरतं होय कधी? न्हाणीच्या पाण्यावर टाक, येतं ते."

तिच्या परसात खरंच येतं. इथे का येत नाही हे कळायला मला तीन वर्षं लागली. इथे हिवाळ्यात जमीन गोठते, म्हणून कंद ऑक्टोबरच्या सुमाराला काढून खोक्यात ठेवायचा आणि वसंतात पुन्हा लावायचा. आता माझे कंद क्वचितच जातात, पण लोकांचे खोके दर वसंतात माझ्या ओट्यावर येऊन पडतात. तेच तेच सांगून कंटाळले, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

माझ्याकडे आलेल्या खोक्यांत थंडीनं मेलेले कंद थोडे होते. बहुतेक ओलीनं मेलेले. आणि त्यातलेही बरेच डिसेंबरात गेले नव्हते. ते एप्रिलमध्ये गेले, मालकांनी प्रेमानं घातलेल्या पाण्यानं.

लक्षणं

मे उलटत आला तरी वाफ्यात किंवा कुंडीत कोंब नाही. हे सर्वांत जास्त वेळा येणारं लक्षण, आणि यात घाबरण्यासारखं बहुतेक वेळा काही नसतं.

खोक्यातला कंद बोटानं दाबला की आत जातो, आंबूस-कुजका वास येतो, वर पांढरी किंवा हिरवट बुरशी.

कंद कुजलेला नाही, पण सुरकुतून सुंठेसारखा झालाय. हातात घेतला तर वजनच नाही.

कोंब आला, दोन पानंही आली, मग पिवळी पडून झाड तिथेच बसलं.

घरात खिडकीशी ठेवलेल्या कुंडीतलं एकेक पान पिवळं पडतंय, पानामागे बारीक जाळं.

भर उन्हाळ्यात, मोठ्या पानांवर गोल, आत वर्तुळं असलेले तपकिरी डाग. हे वेगळं प्रकरण आहे, त्यासाठी थेट "इथे थांबा" या भागाकडे जा.

आणि काही गोष्टींसाठी कृपा करून फोन करू नका. सकाळी पानाच्या टोकाशी पाण्याचा थेंब लोंबतो, ते दुखणं नव्हे. रात्री मुळांनी ओढलेलं जास्तीचं पाणी अळू पानाच्या टोकातून टाकतं. नवं पान आलं की सर्वांत जुनं पान पिवळं होऊन लोळतं, तेही बरोबरच आहे. पहिली दोन-तीन पानं तळहाताएवढीच येतात. वडीची पानं जुलैनंतर.

१. आधी थर्मामीटर, मग फावडं

अळू उष्ण प्रदेशातलं. माती १८ सेल्सिअसच्या, म्हणजे साधारण ६५ फॅरनहाइटच्या खाली असली की कंद जिवंत असूनही हलत नाही. हवा तापली म्हणजे माती तापली असं नसतं. आपण अर्ध्या बाह्यांत फिरायला लागतो तेव्हा चार इंच खालच्या मातीत अजून एप्रिलच चालू असतो. स्वयंपाकघरातला टोकदार थर्मामीटर सकाळी आठच्या सुमाराला मातीत चार इंच खोचा. दुपारी नको, दुपारचा आकडा फसवतो. लागोपाठ चार-पाच सकाळी ६५ च्या वर आकडा दिसत नसेल तर निदान झालं: कंद झोपलाय. माझ्या वाफ्यात हा आकडा मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतो, आणि त्यानंतरही कोंब दिसायला तीन ते सहा आठवडे लागू शकतात.

ही तपासणी पहिली ठेवली कारण पुढच्या सगळ्या तपासण्यांसाठी कंद उकरावा लागतो, आणि उकरताना नेमका कोवळा कोंबच मोडतो. चौथ्या वर्षी मी २० मेला एक कंद मेला म्हणून कंपोस्टच्या ढिगावर फेकला होता. जुलैत त्याच ढिगातून, कलिंगडाच्या सालींमधून, माझ्या वाफ्यातल्या कुठल्याही पानापेक्षा मोठं पान वर आलं. ढीग आतून गरम होता. तेवढाच फरक.

२. बोट, नाक, नख

जूनचा मध्य आला, माती तापली, तरीही काही नाही? आता एक कंद उकरा. एकच. हातमोजे घाला. अळूच्या देठात आणि कंदात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात आणि खाज त्यांचीच. वडी करताना चिंचेचा कोळ लावतो, तसा हाताला लावून नंतर निभावतं असं समजू नका.

दाबून बघा. कच्च्या बटाट्याइतका घट्ट लागला तर ठीक. मऊ लागला तर किती मऊ आणि कुठे, ते बघा. बुडाशी मऊ आणि शेंड्याशी घट्ट असा कंद वाचतो. शेंडाच मऊ असेल तर तो बहुतेक गेला, पण त्याच्या कडेच्या लहान अळकुड्या वाचलेल्या असू शकतात, म्हणून फेकायच्या आधी कडेनं चाचपा. मग वास घ्या. जिवंत कंदाला मातीचा वास येतो, मेलेल्याचा वास सांगावा लागत नाही. शेवटी नखानं साल जराशी खरवडा. आत पांढरट, ओलसर, थोडं चिकट असेल, काही जातींत जांभळट ठिपके असतील, तर कंद जिवंत आहे. तपकिरी आणि पाणचट किंवा कोरडं भुसभुशीत असेल तर नाही.

एवढ्या तीन गोष्टींनी बहुतेक निदानं होतात. लोक मात्र हे सोडून आधी खत घालतात. उगवत नसलेल्या कंदाला खत घालणं म्हणजे झोपलेल्याच्या तोंडात घास कोंबणं.

३. उलटा तर नाही ना?

हसू नका, दर वर्षी एक तरी उलटा निघतो. मोठ्या गड्ड्याचं कळतं, देठांच्या जुन्या कडा वरच्या बाजूला दिसतात. लहान अळकुडी दोन्हीकडून सारखीच वाटते. निमुळत्या टोकाशी गुलाबी-पांढरा डोळा शोधा, तो वर. कळत नसेल तर आडवी ठेवा, कोंब आपली वाट काढतो. खोली दोन-तीन इंच. सहा इंच खाली पुरलेली अळकुडी वर येईपर्यंत तिची शिदोरी संपते.

४. पाणी

इथेच गोंधळ आहे आणि तो आपल्या लहानपणात आहे. आपण अळू पाहिलेलं असतं ते मोरीच्या तोंडाशी, विहिरीच्या काठाला, पाटाच्या कडेला. त्यामुळे डोक्यात पक्कं बसलेलं असतं की अळूला पाणी कितीही चालतं. चालतं, पण पानं असताना. मोठं पान दिवसभर पाणी उडवतं, म्हणून मुळं दिवसभर ओढतात. बिनपानांच्या, बिनमुळांच्या कंदाला पाणी पिताच येत नाही. त्याच्याभोवती घातलेलं पाणी नुसतं उभं राहतं, हवा अडवतं, आणि गार मातीत कुजवणाऱ्या बुरशीला आयतं आमंत्रण मिळतं.

म्हणून कंद लावताना माती पिळलेल्या फडक्याइतकी ओलसर असावी, मुठीत दाबली तर गोळा व्हावा पण थेंब पडू नये. त्यानंतर कोंब दोन इंच होईपर्यंत पाणी जवळजवळ नाहीच. पहिलं पान उलगडलं की थोडं. तीन पानं झाली की मग आईच्या न्हाणीचा हिशेब लागू.

कोंब येऊन, दोन पानं काढून बसलेलं झाड बहुतेक वेळा याच चुकीचं असतं. खाली मुळं धरण्याआधीच बूड सडलेलं असतं, आणि ती दोन पानं कंदातल्या साठ्यावर आलेली असतात. हलक्या हातानं उपटून बघा. मुळं पांढरी, कडक असतील तर नुसती थंडी लागलीय, थांबा. मुळं तपकिरी आणि ओढल्यावर साल निसटून दोरा हातात येत असेल तर पाणी बंद, कुजलेलं कापा, कोरड्या मिश्रणात पुन्हा लावा.

आमच्याकडच्या चिकणमातीत हे जास्त होतं. मी वाफा सहा इंच उंच केला, त्यानंतर निम्म्या तक्रारी गेल्या.

५. खोक्याची उलटतपासणी

कंद खरंच कुजलेला निघाला तर आता मागे जायचं, ऑक्टोबरपर्यंत. मी लोकांना याच क्रमानं विचारते.

कधी काढला? पहिला फ्रॉस्ट, म्हणजे सकाळी गवतावर पांढरी साय धरते तो, पानं काळी पाडतो. तो हलका असेल तर कंदाला काही होत नाही. उलट, आता आवरतं घ्या असा तो निरोप असतो. मध्य जर्सीत साधारण कोजागिरी ते दिवाळी हा काळ. त्याच्या खूप आधी, पानं हिरवीगार असताना काढलेला कंद कच्चा असतो, त्यात पाणी जास्त. आणि जमीन गोठेपर्यंत थांबलात तर कंद गोठतो. गोठून सुटलेला कंद बटाट्यासारखा पाणी सोडतो, त्याला उपाय नाही.

धुतलात का? दहातले सात जण हो म्हणतात. आपल्याला मातकट वस्तू घरात आणवत नाही. पण धुताना सालीला ओरखडे पडतात आणि खोबणीत पाणी बसतं. माती हातानं झटकायची, उरलेली राहू दे. देठ दोन-तीन इंच ठेवून कापायचे, बुंध्याशी नाही, कारण कापलेल्या जागेतून कूज शिरते आणि ती जागा शेंड्यापासून लांब असलेली बरी.

सुकवलात का? सावलीत, वारं लागेल अशा जागी, वर्तमानपत्रावर आठवडाभर. जखमांवर खपली धरली पाहिजे. देठाची कापलेली टोकं हाताला कागदासारखी लागली की झालं.

कशात ठेवलात? प्लॅस्टिकची पिशवी, झाकणाचा डबा, झिपलॉक: या तिन्हींचं उत्तर एकच. कंद झोपेतही श्वास घेतो, त्यातून पाणी सुटतं, प्लॅस्टिकच्या आतून ते घाम बनून परत त्याच्यावरच पडतं. कार्डबोर्डचा खोका, खाली कोरडं कोकोपीट किंवा पीट मॉस, कंद एकमेकांना न टेकता, वर पुन्हा तेच. न टेकता हे महत्त्वाचं. एक सडला तर शेजाऱ्याला घेऊन जातो.

कुठे ठेवलात? हवं असलेलं तापमान १० ते १३ सेल्सिअस, म्हणजे ५० ते ५५ फॅरनहाइट. फ्रिज साधारण ४ सेल्सिअसवर चालतो, ते अळूला सोसत नाही, आतून काळं पडतं. बटाटा-गाजराचं गणित इथे लागत नाही. गॅराजच्या बाहेरच्या भिंतीलगत जानेवारीत शून्याच्या खाली जातं. आणि फर्नेसच्या शेजारी कंद सुंठ होतो. कमाल-किमान दाखवणारा साधा थर्मामीटर आठवडाभर त्या जागेवर ठेवा, रात्रीचा आकडा बघा, मग जागा ठरवा. माझी जागा बेसमेंटच्या जिन्याखाली आहे. तिथे मी आठ वर्षं जुनी बिनकामाची सूटकेस ठेवली होती. ती काढून खोका ठेवला.

शेवटचा प्रश्न: मध्ये उघडून बघितलात का? संकष्टीला बघायचं असं मी ठरवून टाकलंय, म्हणजे महिन्यातून एकदा विसरत नाही. मऊ निघालेला बाहेर. फारच सुरकुतला असेल तर कोकोपीटवर चमचाभर पाणी शिंपडा, कंदावर नाही.

६. कापून वाचवणं

यासाठी थोडं धैर्य लागतं, पण अर्धा सडलेला गड्डा बहुतेक वेळा वाचतो. सुरी स्पिरिटनं पुसा. कुजलेला भाग कापत जा, आणि पांढरं दिसलं की तिथे थांबू नका, आणखी पाव इंच आत जा. तपकिरी रेष आत गेलेली असते ती डोळ्यांना उशिरा दिसते. प्रत्येक कापानंतर सुरी पुन्हा पुसा. उरलेल्या तुकड्यावर एक तरी डोळा हवा. आई असल्या कापावर चुलीतली राख चोळते. मी फायरप्लेसमधली निव्वळ लाकडाची राख वापरते, नसेल तर गंधकाची भुकटी. दोन-तीन दिवस उघड्यावर सुकवा. मग जेमतेम ओलसर कोकोपीटमध्ये, खाली रोपांसाठीची हीट मॅट, २४ ते २७ सेल्सिअस. खालून ऊब, वरून जवळजवळ कोरडं. तीन-चार आठवड्यांत डोळा फुगला नाही तर त्या कंदाचा नाद सोडा.

मार्चमध्ये हीच मॅट निरोगी कंदांनाही लावली तर इथल्या आखूड उन्हाळ्यात महिना-दीड महिना मिळतो, आणि गणपतीला वड्यांपुरती पानं निघतात.

७. कुंडी घरात घेतली असेल तर

ज्यांच्याकडे बेसमेंट नाही ते कुंडीच घरात घेतात. चालतं, पण ते झाड झोपतही नाही आणि जागतही नाही. हीटिंगच्या कोरड्या हवेत लाल कोळी सुटतो: पान वरून धुळकट, फिकट ठिपक्यांचं, मागे जाळं. पांढरा कागद खाली धरून पान झटका, हलणारे ठिपके पडले तर तोच. आधी शॉवरखाली पानं मागून धुवा, चार-चार दिवसांनी तीनदा. बहुतेकदा एवढ्यानं भागतं. फवारायचंच झालं तर पाण्यात साबणाचे दोन-चार थेंब हवेतच, नाहीतर औषध म्हणजे अळवावरचं पाणी, घरंगळून फरशीवर. आणि खाण्याच्या पानांवर खाण्याच्या भाजीसाठी लेबल असलेलंच औषध.

पानं तरीही गळत राहिली तर भांडू नका. पाणी तोडा, झोपू द्या, कुंडी अंधाऱ्या गार जागी सरकवा.

८. गावच बदललं असेल तर पद्धत बदला

न्यू जर्सीचा नियम ह्यूस्टनला लावून लोक विनाकारण खोदत बसतात. अमेरिकी कृषी खात्याचा एक नकाशा आहे, हिवाळ्यातल्या थंडीप्रमाणे देशाचे झोन पाडलेला. तो २०२३ मध्ये नव्यानं आला. त्यात आपला झोन बघा. झोन ९ आणि पुढे, म्हणजे ह्यूस्टन, फ्लोरिडा, तिथे कंद जमिनीतच राहू दे. एखाद्या हिवाळ्यात वरचं सगळं जळतं, खालून परत येतं. २०२१ च्या फेब्रुवारीत टेक्सास गोठलं तेव्हा ह्यूस्टनच्या मावसबहिणीनं अळूचं सुतक धरलं होतं. एप्रिलच्या शेवटी तिचा फोटो आला, चार कोंब. तिकडे काळजी उलटी करायची: टेक्सास-फ्लोरिडाच्या ओढ्या-नद्यांत रानअळू माजलेलं आहे, सॅन मार्कोस नदीत ते काढून काढून लोक थकलेत. उरलेले कंद ओढ्याकाठी फेकू नका.

झोन ८ मध्ये फूटभर पाल्याचं पांघरूण पुरतं. झोन ७, म्हणजे वर्षातल्या सर्वांत थंड रात्री उणे १८ ते उणे १२ सेल्सिअस, हा जुगार आहे. घराच्या दक्षिण भिंतीला लागून, निचऱ्याच्या जागी, फूटभर पेंढा घालून माझे कंद तीनपैकी दोन हिवाळे टिकले. म्हणून निम्मे जमिनीत, निम्मे खोक्यात. शिकागो, मिनियापोलिस, टोरांटो: काढाच.

लंडनची गोष्ट आणखी वेगळी. तिथली थंडी फार कडक नसते, पण हिवाळाभर माती ओली आणि गार, आणि उन्हाळाही कोमट. जमिनीत ठेवलेला कंद गोठत नाही, भिजून सडतो. तिथे कुंडीच बरी, आणि उन्हाळ्यात ती दक्षिणेच्या भिंतीशी किंवा काचघरात.

पुण्या-नाशकाहूनही विचारणा होते: "डिसेंबरात पानं एवढुशी होतात, काय घालू?" काही घालू नका. निफाडकडे थंडीच्या लाटेत पारा ५ च्या खाली जातो, अळू तेव्हा नुसतं थांबतं. पाणी कमी करा, खत बंद, मार्चमध्ये आपोआप फुटतं. कोकणात तर हिवाळ्याचा प्रश्नच नाही. तिथे अळू आटतं ते एप्रिल-मेच्या पाणीटंचाईत, आणि जूनच्या पहिल्या पावसात परत उभं राहतं. आईचं म्हणणं तिच्या गावापुरतं शंभर टक्के खरं आहे.

इथे थांबा

पानांवर पाणी पिऊन सुजल्यासारखे गोल डाग, आत वर्तुळामागून वर्तुळं, कडेला पिवळसर-तपकिरी चिकाचे थेंब, आणि आठवड्याभरात पान फाटून खाली: हा फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या जिवामुळे होणारा पानांचा करपा असू शकतो. १९९३ मध्ये तो पॅसिफिकमधल्या सामोआत शिरला आणि तिथलं अळूचं पीक बसवून गेला. ओल्या, उबदार रात्री तो फार झपाट्यानं पसरतो. डागाळलेली पानं लगेच काढा, पिशवीत बांधून कचऱ्यात, कंपोस्टमध्ये नाही. आणि पुढचं निदान स्वतः करू नका.

पानावर शिरांच्या कडेनं पिसासारखी फिकट नक्षी, पान वेडंवाकडं: विषाणू. मावा पसरवतो आणि कंदातूनही जातो. यावर औषध नाही, कुठलीही फवारणी लागू पडत नाही. ते कंद कुणालाही वाटू नका. आमच्याकडे अळू वाटण्याची हौस दांडगी, म्हणून हे विशेष सांगते.

बुंध्याशी पांढरी बुरशी आणि त्यात मोहरीसारखे गोल दाणे दिसले, किंवा त्याच वाफ्यात लागोपाठ दोन वर्षं कंद सडले, तरीही थांबा. हे मातीत मुक्काम ठोकतं. अशा वेळी ताजं, अर्धवट बिघडलेलं पान किंवा कंद (पूर्ण मेलेला नाही, त्यातून काही कळत नाही) कोरड्या कागदात गुंडाळून प्रयोगशाळेला द्यायचा. आमच्याकडे रटगर्स विद्यापीठाची रोगनिदान प्रयोगशाळा आहे, इतर राज्यांतही विद्यापीठांच्या कृषी विस्तार सेवेकडे अशी सोय असते. थोडी फी पडते. आपण आंधळेपणानं आणलेल्या तीन बाटल्यांपेक्षा कमीच. महाराष्ट्रात जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र, आणि कोकणात दापोलीचं विद्यापीठ.

खाण्याच्या बाबतीतही एक रेघ आहे. नर्सरीत "हत्तीचे कान" या इंग्रजी नावाखाली कोलोकेशिया, अलोकेशिया, झँथोसोमा असं तिन्ही विकतात. आपलं अळू कोलोकेशिया: पानाचं टोक खाली लोंबतं, देठ पानाच्या कडेला नसून थोडा आत, पाठीला जोडलेला. अलोकेशियाची पानं बहुधा टोक वर करून उभी असतात. ती खायची नाही, आणि हिवाळ्यात कोरडी खोक्यात ठेवली तर अनेकदा रुसते, तिला कुंडीतच घरात घ्या. पण ओळख पटली तरी शोभेचं म्हणून विकलेलं रोप भाजीला वापरू नका, त्यावर कुठली औषधं मारली ते आपल्याला माहीत नसतं. खाल्ल्यावर नुसता घसा खवखवला तर समजू शकतो. जीभ-ओठ सुजले, गिळता येत नाही, श्वास अडतोय, मुलानं कच्चं पान चावलंय, तर चिंच-ताक करत बसू नका. अमेरिकेत श्वासाचा त्रास असेल तर ९११, एरवी विषबाधा केंद्राचा १-८००-२२२-१२२२.

सगळंच गेलं असेल तर

मार्चमध्ये इंडियन ग्रोसरीत जाऊन पाऊण पौंड अरवी, म्हणजे आपल्या अळकुड्याच, आणा. ढिगात हात घालून निवडा: घट्ट, टोक न कापलेली, टोकाशी गुलाबी डोळा जागा झालेली. गार काऊंटरवर ठेवलेली नको. आठ लावल्या तर चार-पाच येतात. भारतातून सूटकेसमध्ये आणायच्या भानगडीत पडू नका. लागवडीच्या कंदाला कागदपत्रं लागतात, आणि वर सांगितलेले विषाणू असेच प्रवास करतात.

दुकानातल्या अरवीची पानं बहुधा हिरव्या देठाची निघतात, फतफत्याला उत्तम. काळ्या देठाचं वडीचं अळू हवं असेल तर सप्टेंबरात मला सांगून ठेवा, दिवाळीच्या आसपास काढताना बाजूला ठेवीन. न्यायला येताना कार्डबोर्डचा खोका आणा. प्लॅस्टिकची पिशवी आणलीत तर रिकामी परत जाईल.